एका खेपेचा हिशेब

वऱ्हाडातील सरकारी दवाखान्यात दातांसाठी येणारा रुग्ण बहुधा दुखणे असह्य झाल्यावरच येतो आणि त्याची मागणीही ठरलेली असते : ‘काढूनच टाका ना जी.’ या मागणीला अडाणीपणा समजण्याची रीत आहे; परंतु मूर्तिजापूरच्या खारपाणपट्ट्यापासून सातपुड्यातील मेळघाटापर्यंत आरोग्यसेवेची घडण पाहिली, तर त्यामागे अज्ञानापेक्षा हिशेबच अधिक असल्याचे दिसते.

किडलेली दाढ वाचवायची, तर ‘रूट कॅनॉल’ करावे लागते, म्हणजे दाढेच्या आतला सडलेला मगज, ज्याला लोक ‘नस’ म्हणतात, तो काढून, मुळांतील बारीक नळ्या साफ करून त्या भरून घ्यायच्या आणि वर कॅप बसवायची. यासाठी बहुधा दोन-चार खेपा होतात. दाढ काढायला एक खेप पुरते. धारणी किंवा चिखलदरा तालुक्यातील कोरकू मजूर स्त्रीला प्रत्येक खेप म्हणजे बुडालेली मजुरी, गाडीभाडे आणि घरी लेकरू सांभाळायला कोणीतरी शोधणे, त्यामुळे एका दाढेसाठी चारदा जाणे तिला परवडत नाही, आणि हे तिला डॉक्टरांपेक्षा अधिक नेमके ठाऊक असते. मूर्तिजापूरहून अचलपूरपर्यंतचे ७६ किलोमीटर अंतर स्वस्तात तोडणारी ‘शकुंतला’ ही नॅरोगेज गाडी मेळघाटाच्या पायथ्याला मुख्य लोहमार्गाशी जोडत असे. ती बंद पडल्यावर या हिशेबातील भाड्याचा आकडा वाढला, एवढे तरी म्हणता येते.

सरकारी निकषांनुसार सपाटीच्या भागात उपकेंद्र ५,०००, प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० आणि ग्रामीण रुग्णालय १,२०,००० लोकसंख्येमागे असावे, तर डोंगरी व आदिवासी भागात हेच आकडे ३,०००, २०,००० आणि ८०,००० असे खाली येतात. मात्र दंतचिकित्सक साधारणपणे ग्रामीण रुग्णालयापासून वरच भेटतो, म्हणजे दातांपुरती ही सवलत तिसऱ्या पायरीवर सुरू होते. त्याखालच्या केंद्रात वेदनाशामक आणि प्रतिजैविक गोळ्या मिळतात, सूज उतरते, रुग्ण परततो आणि कीड आत आपले काम चालू ठेवते; पुढच्या वेळी दाढ वाचवण्याजोगी उरलेली नसते. ज्या सेवेत पिढ्यानपिढ्या उपटणे एवढाच उपचार पाहायला मिळाला, तिच्याकडे लोक दुसरे काही मागतील कसे?

वरचा दात काढला की नजर अधू होते, ही समजूत सर्वदूर आहे आणि ती निराधार आहे. पण लोकांचे सगळेच उपाय तसे नाहीत. दाढेत लवंग धरण्याला वैद्यकीय आधार आहे, कारण लवंगेच्या तेलातील युजेनॉल हे द्रव्य वेदना बधिर करते आणि दंतवैद्यही झिंक ऑक्साइडमध्ये ते कालवून तात्पुरते सिमेंट भरतात. खारपाणपट्ट्यात पिवळ्या-तपकिरी दातांचा दोष खाऱ्या पाण्याला दिला जातो. प्रत्यक्षात दात बनण्याच्या वयात पोटात जाणाऱ्या जादा फ्लोराइडने असे डाग पडतात, मिठाने नव्हे.

भाषेचा अडसर याहून सूक्ष्म आहे. थंड पाण्याने दात क्षणभर शिवशिवतो की रात्री आपोआप ठणकतो, यावरून आतली नस जिवंत आहे की नासली, याचा अंदाज डॉक्टर बांधतात. मराठीत हे दोन शब्द सहज वेगळे पडतात. पण कोरकू ही मुंडा कुळातील, संथालीची नातलग भाषा आहे, आणि दुभाष्याने दोन्हींसाठी नुसते ‘दुखते’ एवढेच सांगितले, तर निदानाचा निम्मा धागा तिथेच तुटतो.

खर्ऱ्याचा प्रश्न मात्र दाढेपुरता राहत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून होणारा हा पदार्थ विदर्भात सर्वत्र चघळला जातो, आणि २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेत असल्याचे आढळले होते. सुपारीने गालाच्या आतील त्वचा चिवट होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. निरोगी माणसाच्या उघड्या तोंडात त्याचीच तीन बोटे उभी मावतात, इथे दोनही मावत नाहीत. असा रुग्ण ‘भाकर जात नाही, तिखट सोसत नाही’ म्हणून येतो, दातांसाठी नव्हे, आणि दाढ काढायची ठरली तरी अवजार आत जाईल एवढी जागाच नसते.

दंतचिकित्सक खालच्या पायऱ्यांवर पोहोचत नसेल, तर दुसरी वाटही निघू शकते. अलास्कातील आदिवासी आरोग्यसंस्थांनी २००३ साली आपल्याच गावांतील तरुणांना दंतोपचार शिकण्यासाठी न्यूझीलंडला पाठवले, आणि परतल्यावर ते आपल्या माणसांचे दात भरू लागले. अमेरिकेतील दंतवैद्यांच्या संघटनेने याविरुद्ध न्यायालयात धावही घेतली. मेळघाटात असे कोणी नेमण्याआधीही एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. टांझानियात १९८०च्या दशकात विकसित झालेल्या एका पद्धतीत ड्रिल लागत नाही, वीज लागत नाही आणि भुलेची सुईही बहुधा टळते : हातातल्या छोट्या अवजाराने मऊ झालेली कीड खरवडायची आणि ग्लास आयोनोमर नावाचे सिमेंट बोटाने दाबून भरायचे. नस अजून शाबूत असेल, तर आश्रमशाळेच्या बाकावर मुलाला आडवे झोपवूनही हे काम होते, आणि तेही एकाच खेपेत.