झाड पाणी कसं चढवतं?

पांढरं फूल शाईच्या पाण्यात ठेवण्याचा प्रयोग आपण वर्गात करतोच. पाकळ्या रंगल्या की ‘केशाकर्षण’ म्हणून मोकळे होतो. पण जरा हिशेब करून पाहा. ०.०५ मिलिमीटर व्यासाच्या जलवाहिनीत केशाकर्षणाने पाणी जेमतेम ६० सेंटिमीटर चढेल. हवेचा दाबही ते १० मीटरपलीकडे नेऊ शकत नाही. कॅलिफोर्नियातले काही रेडवूड वृक्ष तर ११० मीटरहून उंच आहेत!

डिक्सन आणि जॉली यांनी १८९४ मध्ये सुचवलेलं उत्तर असं: पानांतून बाष्प बाहेर पडतं, तेव्हा मागचं पाणी ओढलं जातं. पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की हा ताण थेट मुळांपर्यंत पोचतो. विरघळलेले क्षारही त्याच प्रवाहातून वर येतात. मध्येच हवेचा बुडबुडा शिरला, तर मात्र त्या वाहिनीतली ओढ तुटते. म्हणून प्रयोगाच्या वेळी फुलाचा देठ पाण्याखालीच कापावा.