फिरत्या घराची दुसरी बॅटरी

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात नलारबॉर नावाचे एक अफाट मैदान आहे. लॅटिन शब्दांवरून बनलेल्या या नावाचा अर्थ 'एकही झाड नाही' असा आहे. नॉर्समन ते पोर्ट ऑगस्टा हा या मैदानावरून जाणारा रस्ता सुमारे १,६६० किलोमीटर लांब असून, त्याचा १४६ किलोमीटरांचा एक तुकडा एकाही वळणावाचून सरळ गेला आहे. या वाटेने पुष्कळ लोक गाडीतच बिऱ्हाड थाटून प्रवास करतात. निजण्याची जागा, शेगडी, दिवे, पंखा, लहानसा फ्रिज असे सारे त्या गाडीत असते. रात्री गाडी उभी राहिली तरी फ्रिज चालूच राहतो. मुलांनो, ज्या बॅटरीवर तो रात्रभर चालला, तिनेच सकाळी इंजिन सुरू करावयाचे असेल तर काय होईल? किल्ली फिरवल्यावर नुसता 'टक्' असा आवाज येईल आणि मदतीची वाट पाहत बसावे लागेल. उन्हाळ्यात तेथे पारा ४० अंशांच्या वर चढतो आणि जवळचे पाणी बेताचेच असते. म्हणून जाणता प्रवासी घरगुती उपकरणांसाठी दुसरी, स्वतंत्र बॅटरी बाळगतो.

पहिलीसारखीच आणखी एक आणली म्हणजे झाले, असे कित्येकांना वाटते. पण ते बरोबर नाही. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिसे व गंधकाम्ल यांची, पुन्हा पुन्हा भारता येणारी बॅटरी तयार केली. इंजिन सुरू करणारी नेहमीची बॅटरी तिचीच वंशज होय. इंजिनाला फिरवणारा स्टार्टर, ज्याला आपल्याकडे 'सेल्फ' म्हणतात, तो दोनचार सेकंदच चालतो. पण तेवढ्यात शेकडो ॲम्पिअर प्रवाह ओढतो. त्यासाठी या बॅटरीत शिशाच्या पुष्कळ पातळ पट्ट्या असतात. आम्लाला मोठा पृष्ठभाग मिळतो आणि वीज झटकन निघते. फ्रिजची भूक निराळी आहे. त्याला वीज थोडी, पण रात्रभर लागते. या कामात पातळ पट्ट्या लवकर खराब होतात. जाड पट्ट्यांची बॅटरी टिकते. शर्यतीचा बैल नांगराला जुंपू नये, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही.

बॅटरी केवढी असावी, हे गणिताने ठरते. वॅटना १२ व्होल्टने भागले की ॲम्पिअर मिळतात. ४८ वॅटचा फ्रिज ४ ॲम्पिअर घेतो. तो अधूनमधून बंद होत असल्यामुळे दिवसाकाठी १२ तास चालतो असे धरू; म्हणजे ४८ ॲम्पिअर-तास झाले. १२ वॅटचा पंखा ८ तास चालला तर ८, आणि ६ वॅटचे दिवे ४ तास जळले तर २, एकूण ५८. शिशाची बॅटरी अर्ध्याहून अधिक रिकामी करू नये, तिचे आयुष्य घटते. तशीच रिकामी पडू दिली तर पट्ट्यांवरचे लेड सल्फेट कठीण होऊन बसते. तेव्हा एका दिवसाच्या मुक्कामाला १२० ॲम्पिअर-तासांची बॅटरी हवी, दोन दिवसांना तिच्या दुप्पट.

अलीकडे लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरीही मिळते. लिथियम बॅटरीच्या संशोधनासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले. त्यांपैकी जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते! ही बॅटरी वजनाला शिशाच्या निम्मी असते आणि तिच्यातील बहुतेक सारी वीज वापरता येते. मात्र ती महाग असते, आणि शून्य अंशाखालच्या थंडीत ती भारता येत नाही. दुर्गम वाटांवर वारंवार जाणाऱ्याने तीच घ्यावी. वर्षातून एकदा फिरणाऱ्याला शिशाची पुरे.

दोन्ही बॅटऱ्या चालत्या इंजिनावरच भारल्या जातात. म्हणून त्यांच्यामध्ये रिले बसवतात. इंजिन थांबताच तो दोघींना विलग करतो. तो नसेल तर फ्रिज दोन्ही बॅटऱ्या रिकाम्या करील. तारेवर, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. शिशाच्या बॅटरीतून भारताना ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो, म्हणून ती माणसे निजतात त्या बंद जागेत न ठेवता, जिथून हवा बाहेर जाते अशा कप्प्यात ठेवतात.