कृत्रिम प्रतिलोहचुंबकातील मॅग्नॉन आंतरक्रिया

कृत्रिम प्रतिलोहचुंबक ही दोन लोहचुंबकीय थरांच्या मध्ये अचुंबकीय धातूचा अतिशय पातळ थर घालून तयार केलेली स्तरित रचना होय. बाहेरचे थर बहुधा कोबाल्टचे किंवा त्याच्या मिश्रधातूचे, तर मधला थर अनेकदा रुथेनियमचा असतो. मधल्या थराची जाडी योग्य राखल्यास दोन्ही थरांचे चुंबकन परस्परविरुद्ध दिशांना स्थिरावते.

इतिहास
स्पिन तरंगांची संकल्पना फेलिक्स ब्लॉख यांनी १९३० साली मांडली. अशा तरंगाच्या ऊर्जेच्या पुंजाला मॅग्नॉन म्हणतात. लोह-क्रोमियम-लोह या रचनेतील प्रतिलोहचुंबकीय बंध पेटर ग्र्युनबर्ग व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखविला. मधल्या थराची जाडी वाढविताना हा बंध आलटून पालटून बदलतो, हे स्टुअर्ट पार्किन व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवून दिले.

आंतरक्रियेचे स्वरूप
या रचनेत दोलनाचे दोन प्रमुख प्रकार आढळतात. दोन्ही थरांची चुंबकने एकाच कलेत फिरल्यास त्यास ध्वनिक, तर विरुद्ध कलेत फिरल्यास प्रकाशीय प्रकार म्हणतात. ही नावे स्फटिकातील कंपनांवरून घेतलेली असून त्यांचा येथे ध्वनीशी वा प्रकाशाशी संबंध नाही.

थरांच्या प्रतलात लावलेले चुंबकीय क्षेत्र वाढवीत नेल्यास ध्वनिक प्रकाराची वारंवारता वाढते, प्रकाशीय प्रकाराची शेवटी घटत जाते आणि आलेखावर दोन्ही वक्र एकमेकांस छेदतात. दोन्ही थर एकसारखे असतील, तर सममितीमुळे एकसमान दोलनांचे हे प्रकार एकमेकांत मिसळत नाहीत. क्षेत्र प्रतलाबाहेर कलते केल्यास ही सममिती भंगते. मग वक्र छेदण्याऐवजी एकमेकांपासून दूर वळतात व त्यांच्यात फट पडते. एकाच ताणलेल्या दोरीला टांगलेले दोन लंबक जशी आपली ऊर्जा एकमेकांस देत-घेत राहतात, तसेच येथे घडते. ही फट दोन्ही प्रकारांच्या ऊर्जाक्षयाच्या दरांहून मोठी असल्यास युग्मन प्रबळ मानले जाते.

महत्त्व
अनेक नैसर्गिक प्रतिलोहचुंबकांतील वारंवारता इतकी उच्च असते, की तिचे मापन अवघड ठरते. कृत्रिम रचनेत ती काही गिगाहर्ट्झ असल्याने नेहमीच्या सूक्ष्मतरंग उपकरणांनी मोजता येते; शिवाय थरांची जाडी व क्षेत्राची दिशा बदलून युग्मन नियंत्रित करता येते. विद्युत्‌निरोधक चुंबकांत मॅग्नॉन विद्युत्‌प्रवाहाविना संदेश वाहू शकतात. धातूंच्या थरांत मात्र त्यांचा ऱ्हास लवकर होतो. म्हणून संदेशवहनातील उष्णता कमी करण्याच्या प्रयत्नांत हा ऱ्हास आटोक्यात आणणे ही प्रमुख अडचण ठरते.