समाधान पगारात धरू नका

सार्वजनिक आरोग्याच्या जगात जामखेडचं नाव गाजलं ते एका बिगरसरकारी प्रयोगामुळे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली या दुष्काळी तालुक्यात समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. गावोगाव नर्स ठेवायची, हा त्यांचा सुरुवातीचा बेत फसला. बाहेरची तरुण मुलगी परक्या गावात एकटी राहीना आणि गावही तिचं ऐकेना. मग गावातलीच बाई निवडून तिला शिकवायचं ठरलं. आलेल्यांत कित्येक निरक्षर, दलित, नवऱ्याने टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत, बाळंतपण, जुलाब, क्षय, कुष्ठरोग यांविषयी शिकत आणि आपल्या गावात काय घडलं ते डॉक्टरांसमोर बसून सांगत. एरवी ज्यांना कुणी ओसरीवरही बसू दिलं नसतं, त्या बाळंतिणीच्या खोलीत मानाने जाऊ लागल्या. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या बायका पगारी नोकर नव्हत्या. त्यामुळे या गोष्टीचा एक सोयीचा अर्थ लावला जातो: सेवाभाव असला की पैशावाचून अडत नाही. सरकारी आरोग्यसेवेतल्या माणसांच्या समाधानाचा विचार करताना हा अर्थ आधी बाजूला ठेवायला हवा.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्गने १९५९ साली मांडलेली गोष्ट इथे उपयोगी पडते. पगार, नोकरीची शाश्वती, साहेबाची वागणूक हे बिघडलं की माणूस नाराज होतो. पण ते सुधारलं म्हणून तो कामात रमतोच असं नाही. रमण्यासाठी जबाबदारी, कौतुक आणि काही साधल्याची जाणीव लागते. ही दोन खाती वेगळी आहेत. एकातली तूट दुसऱ्यातून भरून निघत नाही. जामखेडने दुसरं खातं भरलं. सरकारी यंत्रणेत दोन्हींत खडखडाट असतो.

आशा सेविकेपासून सुरुवात करू. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि साधारण हजार लोकवस्तीमागे गावातलीच एक आशा नेमण्यात आली. गावातली बाई ही कल्पना जामखेडसारख्या प्रयोगांच्या वारशातली. मोबदला मात्र कामागणिक. दवाखान्यात बाळंतपण झालं की ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. बाळाला झोळीत घालून काट्याला अडकवायचं, काखेत थर्मामीटर धरायचं, मिनिटभर श्वास मोजायचे, नाळ पाहायची, मग फॉर्म भरायचा. या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये ठरवले गेले. म्हणजे फेरीमागे जेमतेम बेचाळीस. जामखेड-बीड पट्ट्यात दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला टोळ्या निघाल्या की बाळंतीणही कोयत्याबरोबर कारखान्यावर जाते. मग उरलेल्या भेटी कुणी घ्यायच्या?

२०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर होत्या. दिवाळीच्या तोंडावर मोबदल्यात सात हजारांच्या वाढीची घोषणा झाली. शासन निर्णय निघेना म्हणून जानेवारीत पुन्हा संप झाला. मार्चमध्ये वाढ मंजूर झाली ती पाच हजारांची. वाढ मोठीच होती. पण दिलेला शब्द पाळून घेण्यासाठी थंडीत आझाद मैदानावर बसावं लागणं, हा सलही त्याच हिशेबात येतो.

एक पायरी वर उपकेंद्र. तिथे कायम आणि कंत्राटी आरोग्यसेविका शेजारी बसून तेच लसीकरण करतात, त्याच नोंदी पोर्टलवर चढवतात. पगार मात्र वेगवेगळे. कायम झालेल्यांचंही सारं आलबेल नाही, हे २०२३च्या मार्चमधल्या जुन्या पेन्शनच्या संपाने दाखवलं. प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर ओपीडी, शवविच्छेदन, शिबिरं आणि बैठका यांत विभागला जातो. कुणी बंधपत्राचं वर्ष भरून निघायच्या बेतात असतो, तर कुणाला गाव ओळखीचं होईपर्यंत बदली दारात उभी असते.

सगळ्यात खोल जखम अधिकाराविना जबाबदारीची. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून कोविड रुग्ण दगावले. त्यानंतर वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिकांना अटक झाली. वीजजोडणी आणि अग्निशमन यंत्रणा परिचारिकेच्या हातात नसते, असं परिचारिकांच्या संघटना तेव्हा सांगत होत्या. न्यायालयीन बाजू काहीही असो, प्रत्येक वॉर्डातल्या सिस्टरने त्यातून घ्यायचा तो धडा घेतला.

जामखेडकडून घ्यायचं ते इथे. तिथल्या बाईचं कसब ती कामाला लागली म्हणून थांबलं नाही. ती दर आठवड्याला शिकत राहिली. गावात काय करायचं हे ती ठरवू शकत होती आणि अडलं तर तिच्यामागे डॉक्टर उभा होता. सरकारी मासिक बैठकीत आशा अजूनही मुख्यतः आकडे देते. तिने पाहिलेला आजार तिला विचारला जात नाही. त्या बैठकीचा अर्धा वेळ शिकण्या-सांगण्याला दिला, तर त्याला वेगळं अनुदान लागणार नाही. मात्र मोबदला महिन्याच्या महिन्याला आणि पुरेसा मिळायला हवा. ते सरकारचं देणं आहे. कामातलं समाधान ही कामगाराची कमाई. ती पगारात धरून पगार कापायचा अधिकार कुणालाही नाही.