काट्यावरचा कापूस आणि दिल्लीतली अधिसूचना

१८ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने कापसावरचं आयात शुल्क माफ करणारी अधिसूचना काढली. तेव्हा सोनपेठ तालुक्यातल्या काळ्या रानात कापूस पाते-फुलांवर होता, कुठे बोंडं धरू लागली होती. माफी आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, दहा दिवसांत ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. दुकानदाराची उधारी, बँकेचा हप्ता, पोरांची फी, सगळं ज्या कापसावर भागवायचं, तो घरात येऊन विकला जाण्याच्या ऐन दिवसांत परदेशी रुईला दार सताड उघडं राहिलं.

मी कायद्याचा विद्यार्थी. आंतरराष्ट्रीय व्यापार आणि त्याचे नियम हा माझा अभ्यासाचा विषय. पुस्तकात तो जागतिक व्यापार संघटनेच्या जिनिव्हात सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथेच संपतो. तो सोनपेठला कुठवर पोचतो हे बघायचं म्हणून मी अधिसूचनांच्या प्रती पिशवीत घालून कृषी सेवा केंद्र, खरेदी केंद्र आणि जिनिंग असा फिरू लागलो.

अधिसूचनेची भाषा कोरडी असते, पण हिशेब सरळ आहे. फेब्रुवारी २०२१च्या अर्थसंकल्पात कापसावर ५ टक्के सीमाशुल्क, ५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर आणि या दोन्हींवर १० टक्के अधिभार लागला. एकूण ११ टक्के. बंदरात १०० रुपयांना उतरलेली रुई गिरणीला १११ रुपयांना पडायची. शुल्क उठलं की ती १००लाच पडते, आणि इथल्या रुईला त्या १००शी बरोबरी करावी लागते. रुईचा भाव खंडी या मापात बोलला जातो, शेतकरी क्विंटलनं कापूस विकतो. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. त्यामुळे जिनिंगवाला सकाळी भाव फोडताना आधी खंडीचा दर बघतो, मग सरकीचा, मग उतारा, आणि शेवटी शेतकऱ्याच्या ट्रॉलीकडे.

शुल्क उठवण्यामागेही कारण होतं. अमेरिकेनं भारतीय मालावरचा कर २७ ऑगस्टपासून ५० टक्क्यांवर नेला. तिरुप्पूरच्या कपड्यांपासून सोलापूरच्या टॉवेलपर्यंत सगळ्या निर्यातदारांच्या पोटात गोळा आला. त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा हा हेतू मला समजतो. मागावर उभे राहणारेही आपलेच लोक आहेत. पण वॉशिंग्टनमधल्या आदेशाचा भार उचलायला जो सगळ्यात शेवटच्या पायरीवर उभा होता, त्याला कुणी विचारलंही नाही, हे मला पटत नाही.

सरकारी खरेदी केंद्रावर ट्रॉल्यांची रांग लागते तेव्हा सगळ्यांची नजर एका लहानशा मीटरवर असते. ग्रेडर ट्रॉलीत चढतो, वरचा थर हातानं बाजूला करून आतला कापूस काढतो. मूठभर कापूस पिळून बघतो, पेळू ओढून धाग्याची लांबी अंदाजतो, कवडी आणि पाचोळा किती ते पाहतो. मग मीटर लावतो. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला भावात एक टक्का कपात, आणि १२च्या वर गेला की माल परत. २०२५-२६ला लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता. मीटरनं १० दाखवले की तो ७,९४७ रुपये ८० पैशांवर येतो. वीस क्विंटलच्या ट्रॉलीमागे जवळपास सव्वातीन हजार गेले. एवढ्यात वेचणीच्या मजुरीचा काही वाटा निघाला असता.

ज्याचा कापूस १२च्या वर गेला तो ट्रॉली वळवून खासगी जिनिंगवर नेतो, आणि तिथल्या भावात ती १८ ऑगस्टची अधिसूचना आधीच बसलेली असते. रांगेतल्या एका मामांना मी तो कागद वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मापात पाप नाही भाऊ, मीटर डोळ्यापुढं लावत्यात. पर भाव कुठं ठरतो ते आमाला दिसतच नाही."

हा हमीभावसुद्धा जागतिक नियमांच्या कक्षेत येतो, हे रांगेत सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या शेती करारात सरकारी आधार मोजताना आजचा हमीभाव १९८६-८८च्या संदर्भ किमतीशी ताडला जातो. ती किंमत जागची हललेली नाही, महागाई मात्र कुठल्या कुठे गेली. याच मोजमापावर बोट ठेवून २०१८मध्ये अमेरिकेनं भारताच्या कापूस हमीभावावर जिनिव्हात हरकत घेतली. स्वतः अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या अनुदानावरचा खटला ब्राझीलशी हरली होती. २०१४ला ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन तिनं तो वाद मिटवला. त्या खटल्यात भारत त्रयस्थ पक्ष म्हणून हजर होता. सोनपेठच्या वाट्याला त्यातून काही आलं नाही.

बियाण्याची गोष्ट वेगळी आहे, आणि अभ्यासताना मला तीच सगळ्यात जास्त शिकवून गेली. जूनमध्ये दुकानाच्या काउंटरवर बीजी-२ या बीटी कापूस बियाण्याची ४७५ ग्रॅमची पाकिटं मांडलेली असतात. २०२५ला त्यावर कमाल किंमत ९०१ रुपये होती. ही किंमत कंपनी ठरवत नाही. जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली डिसेंबर २०१५मध्ये निघालेल्या कापूस बियाणे दर नियंत्रण आदेशानुसार केंद्र सरकार ती दरवर्षी ठरवतं. बीटी कापसाला २६ मार्च २००२ रोजी मान्यता मिळाली. तंत्रज्ञान मोन्सॅन्टोचं, भारतातली भागीदार जालन्याची महिको. पुढे प्रत्येक पाकिटामागे तंत्रज्ञान शुल्क जाऊ लागलं. सरकारनं ते २०१६ला ४९ रुपयांवर आणलं, मग ३९, मग २०, आणि २०२०ला शून्य. मधल्या काळात पेटंटचा वाद कोर्टात गेला. एप्रिल २०१८मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं पेटंट कायद्याच्या कलम ३(जे)चा आधार घेत मोन्सॅन्टोचं पेटंट रद्द केलं. बियाणं आणि वनस्पतीचा भाग यांवर पेटंट मिळत नाही, असं ते कलम सांगतं. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवून प्रकरण पुन्हा सुनावणीला धाडलं. अखेर वाद आपसात मिटला आणि मूळ प्रश्न अनुत्तरित राहिला.

तंत्रज्ञान शुल्क शून्यावर आलं तोवर गुलाबी बोंडअळीनं बीजी-२लाही दाद द्यायची थांबवली होती. २०१७च्या हंगामात महाराष्ट्रानं ते नुकसान भोगलं. दर नियंत्रणामुळे पाकीट आवाक्यात राहिलं, याचं श्रेय कायद्याला द्यायलाच हवं. पण फवारणीचा खर्च कुठल्याही दर नियंत्रण आदेशात बसत नाही.

सोनपेठमध्ये बियाण्याचा आदेश आणि शुल्काची अधिसूचना शेजारी ठेवून वाचल्यावर एक फरक ठळक दिसला. बियाण्याची किंमत पेरणीआधी कळते. हमीभावही आधी कळतो, २०२५ला तो २८ मे रोजी जाहीर झाला. शेतकरी त्यावर आकडेमोड करून कापूस लावायचा की सोयाबीन, हे ठरवतो. आयात शुल्क मात्र त्याचं बी जमिनीत गेल्यावर बदलतं. २०२२मध्येही १४ एप्रिलला शुल्क उठलं होतं. तेव्हा बहुतेक लहान शेतकऱ्यांचा कापूस विकून झाला होता, म्हणून ओरड कमी झाली. २०२५ला तो झाडावर होता.

कायदा शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की नोव्हेंबरमध्ये विद्यार्थ्यांना एक दिवस खरेदी केंद्रावर घेऊन जा. आणि सरकारकडे मागणी एवढीच, की कापसाच्या आयात शुल्काचा निर्णय हमीभावासोबत मे महिन्यात जाहीर करावा आणि शेवटची वेचणी विकली जाईपर्यंत त्याला हात लावू नये.