मांजर घरची असली तरी ओरखडा अंगावर काढू नका

आमच्या मोहल्ल्याजवळ जनावरांचा एक छोटा दवाखाना आहे. मागच्या महिन्यात मी आमच्या मांजरीला घेऊन तिथे बसलो होतो. समोर एक अम्मी, तिचा नऊ वर्षांचा मुलगा आणि पिशवीत एक पिवळी मांजर. दोन दिवस काही खात नाही, एवढीच तक्रार. तपासता तपासता डॉक्टरांचं लक्ष मुलाच्या हाताकडे गेलं. मनगटावर लांब ओरखडा आणि त्यावर सुकलेली हळद.

"हे कधी झालं, बेटा?"

मुलगा गप्प. अम्मी म्हणाली, "खेळताना पडला, डॉक्टरसाब. मीच हळद लावली."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, तसा तो रडायलाच लागला. "चार दिवस झाले. हिनेच नख मारलं. सांगितलं असतं तर अब्बा हिला मार्केटात सोडून आले असते."

डॉक्टरांनी मांजर बाजूला ठेवली आणि अम्मीला म्हणाले, "हिचं मी बघतो. तुम्ही आधी याला घेऊन सरकारी दवाखान्यात जा. आजच जा, उद्यावर टाकू नका."

मुलाच्या सुया सुरू झाल्या. मांजरीचं दुखणं पोटाचं निघालं आणि ती बरी झाली. पण त्या अम्मीचा एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही: "रेबीज तर कुत्र्याने होतो ना?" आपल्या बहुतेक घरांत हीच समजूत आहे, म्हणून हा लेख.

मांजरीला रेबीज होतो का?

होतो. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी जवळजवळ 99 टक्के कुत्र्यांमुळे होतो, हे खरं आहे. पण पिसाळलेला कुत्रा मांजरीला चावला, तर तिलाही रेबीज होतो आणि तिच्याकडून माणसाला. आपल्या मांजरी दिवसभर गल्लीत, मटणाच्या दुकानासमोर, गच्चीवर फिरतात आणि रात्री मुलांच्या पांघरुणात झोपतात. बाहेर तिला कोण चावलं, हे आपल्याला कळतही नाही.

रेबीजचा विषाणू जनावराच्या लाळेत असतो. मांजर पंजे चाटते, त्यामुळे नखांनाही लाळ लागते. म्हणून चावा आणि ओरखडा दोन्ही गंभीर समजायचे. विषाणू जखमेतून नसांच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. त्याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. आपल्या हातात तेवढाच वेळ असतो. पाण्याची भीती, घशात आवळल्यासारखं होणं, वाऱ्याच्या झुळकीने दचकणं ही लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य. त्याआधी नीट उपचार झाले, तर हा आजार टाळता येतो.

आधी नळ, मग दवाखाना

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटं धुवायची. घड्याळ लावून धुवा, कारण आपल्याला दोन मिनिटंच पंधरा वाटतात. कपडे धुवायचा साबण असला तरी चालेल. मग डेटॉल किंवा बीटाडिनसारखं जंतुनाशक लावा.

हळद, चुना, मिरची, तंबाखू, तेल यातलं काही लावू नका. जखम घट्ट बांधू नका. दुआ जरूर करा, दम करून घ्यायचा असेल तर घ्या, पण दवाखान्यातून आल्यावर. इलाज करणं तवक्कुलच्या विरोधात नाही, हे आपल्या उलेमांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे.

दवाखान्यात डॉक्टर जखमेचा प्रकार पाहतात:

- नुसता हात लावला, खाऊ घातलं किंवा धडक कातडी चाटली: धुऊन टाका, सुईची गरज नाही.
- रक्त न येता खरचटलं किंवा दात हलके लागले: रेबीजची लस लागते.
- रक्त आलं, दात खोल गेले, किंवा लाळ उघड्या जखमेत, डोळ्यात, तोंडात गेली: लस लागतेच, शिवाय जखमेत आणि तिच्या आजूबाजूला इम्युनोग्लोब्युलिनची सुई द्यावी लागते. लसीचा परिणाम यायला काही दिवस जातात, तोवर हे औषध विषाणूला जखमेतच अडवतं. ते दिलं की नाही, हे आपण स्वतः विचारा.

पोटात 14 सुया घ्यायचे दिवस आता गेले. आता लस दंडात देतात. बहुतेक सरकारी दवाखान्यांत ती कातडीत देतात: पहिला दिवस शून्य धरून 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. स्नायूत दिली तर 14 व्या दिवशी आणखी एक. दोन सुया घेऊन "आता बरं वाटतंय" म्हणत थांबू नका. जखम सुकली म्हणजे धोका टळला असं नाही.

चार दिवस, आठ दिवस उलटून गेले असतील, तरी जा. "आता काय उपयोग" म्हणून घरी बसू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*घरात कोणी गरोदर असेल किंवा बाळाला दूध पाजत असेल तर?* लस घेता येते. अशा वेळी ती टाळणंच धोक्याचं.

*रमजानमध्ये सुई घेतली तर रोजा तुटतो का?* अशा सुईने रोजा तुटत नाही, असंच बहुतेक उलेमांचं मत आहे. मनात शंका असेल तर इमामसाहेबांना फोन करून विचारा, पण सुईची तारीख चुकवू नका.

*मांजर ठणठणीत दिसते, मग?* चावल्यानंतर मांजरीवर 10 दिवस नजर ठेवायची. ती दहा दिवस धडधाकट राहिली, तर पुढच्या सुयांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. पण उपचार पहिल्याच दिवशी सुरू करायचे, दहा दिवस वाट बघत बसायचं नाही. मांजर या काळात मेली, नाहीशी झाली, अंधारात लपू लागली, विनाकारण अंगावर धावू लागली, लाळ गाळू लागली किंवा तिचा आवाज बदलला, तर डॉक्टरांना लगेच कळवा.

मांजरीची लस

मांजर तीन महिन्यांची झाली की रेबीजची पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर आणि पुढे दरवर्षी. इथे बरेच जण फसतात. सर्दी-जुलाबासारख्या तीन आजारांची जी लस मांजरींना देतात, तिच्यात रेबीजची लस नसते. "हिला लस दिली आहे" एवढं पुरेसं नाही. कार्ड काढून बघा, त्यावर रेबीज लिहिलेलं आहे का. आणि मांजरीला लस दिलेली असली, तरी ती चावल्यावर माणसाला डॉक्टरांकडे न्यायचंच.

28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. लस शोधणाऱ्या लुई पाश्चर यांचा तो स्मृतिदिन. 1885 मध्ये त्यांनी ज्या जोसेफ माइस्टर नावाच्या मुलाला पहिल्यांदा ही लस देऊन वाचवलं, तोही नऊच वर्षांचा होता. या दिवसाच्या आसपास बऱ्याच ठिकाणी जनावरांना मोफत लस देतात. आपल्या जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा आणि तारीख मशिदीच्या फलकावर लिहा, म्हणजे सगळ्या मोहल्ल्याला कळेल.

शेवटी अम्मी-अब्बांसाठी

मांजरीवर दया करायला आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. हजरत अबू हुरैरा यांचं नावच मांजरीच्या पिल्लामुळे पडलं. पण पाळायची तर तिची लसही आपल्याच जिम्म्यात आली.

आज रात्री जेवायला बसाल तेव्हा मुलांना एवढं सांगा: "मांजर चावली, कुत्रा चावला, नख लागलं, तर लगेच सांगायचं. कोणी रागावणार नाही आणि मांजरीला कोणी सोडून येणार नाही." त्या मुलाने चार दिवस जे लपवलं, ते मारून-रागावून बाहेर आलं नसतं. डॉक्टरांनी त्याला बेटा म्हणून विचारलं, म्हणून तो बोलला.