जकातीच्या दप्तरातील पाखरे

जगातील बहुतेक व्यापारी राष्ट्रांच्या जकातखात्यांत 1988 सालापासून मालाच्या वर्गवारीचे जे एकच सामायिक कोष्टक प्रचारात आहे, त्याच्या अठ्ठ्याऐंशीव्या प्रकरणाचा 8801 हा पहिलाच क्रमांक फुगे, वायुनौका, ग्लायडर, हँग ग्लायडर आणि अन्य शक्तिहीन आकाशयाने यांना बहाल केलेला आहे. वेधशाळेचा हवामान मोजणारा फुगा या कलमात येतो, पण जत्रेतला पोराच्या हातचा फुगा खेळण्यांच्या प्रकरणात जातो. हँग ग्लायडर विमान ठरते, पण कामशेतच्या डोंगरावरून झेपावणारे पॅराग्लायडर, त्याला सांगाडा नसल्यामुळे, हवाई छत्र्यांच्या 8804 या क्रमांकाखाली लिहिले जाते. आणि ग्लायडरला लहानसे इंजिन बसविले, की त्याची त्याच क्षणी शेजारच्या 8802 मध्ये बदली होते. इतके बारीक भेद करणाऱ्या कारकुनी बुद्धीविषयी मला मनापासून आदर वाटतो. तथापि ग्लायडरांच्या व्यापाराचा पूर्वेतिहास चाळताना एक गोष्ट वारंवार प्रत्ययास आली, ती ही, की पेट्यांत भरून नाक्यावरून गेलेला माल हा या व्यवहाराचा लहानसा अंश असून, त्याचे खरे भांडवल, म्हणजे आराखड्याचे कागद आणि कारागिराचा हात, हे कोणत्याही जकातदाराच्या वहीत न उमटताच सरहद्दी ओलांडीत आले आहे.

या व्यापाराचे मूळ शोधू गेले असता आपण बर्लिनमधील एका बॉयलरच्या कारखान्यात जाऊन पोहोचतो. ओटो लिलिएंथाल हा त्याचा मालक. लहान वाफयंत्रे आणि बॉयलर विकून त्याचा चरितार्थ चाले, आणि कारखान्याच्या नफ्यात मजुरांनाही वाटा देण्याची उदारता त्याच्या ठायी होती. परंतु त्याचे चित्त बालपणापासून पक्ष्यांच्या पंखांत गुंतलेले होते, आणि करकोच्याच्या उड्डाणाचा वर्षानुवर्षे अभ्यास करून 1889 साली त्याने त्या विषयावर ग्रंथही प्रसिद्ध केला होता. 1894 पासून त्याने वाळुंजाच्या फोकांचा सांगाडा आणि त्यावर सुती कापड अशा रचनेचे, सुमारे वीस किलो वजनाचे आणि वटवाघळाच्या पंखांप्रमाणे मिटून ठेवता येणारे एक यंत्र ठरावीक नमुन्यावर बनवून रीतसर विक्रीस काढले. माणसाला घेऊन उडणारे, हवेहून जड यंत्र एकाच नमुन्याबरहुकूम अनेक नगांत तयार होऊन विकले गेल्याचे हे पहिले उदाहरण होय. किंमत पाचशे मार्क. निदान नऊ नग विकले गेले, आणि त्यांच्या ग्राहकांची यादी पाहिली, म्हणजे विद्येला सरहद्द नसते हे विधान केवळ समारंभी वाटत नाही. मॉस्कोचे आचार्य निकोलाय झुकोव्स्की, ज्यांना पुढे रशियन विमानविद्येचे जनक म्हटले गेले, त्यांनी एक घेतले. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक फिट्झजेरल्ड यांनी एक मागवून कॉलेजच्या क्रीडांगणावर उडविण्याचा यत्न केला. अमेरिकेतील वृत्तपत्रसम्राट हर्स्ट यांनीही एक नेले, जे आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. आणि ग्लासगोचा तरुण नौकारचनाकार पर्सी पिल्चर हा तर यंत्र विकत घेऊन थांबला नाही, तो लिलिएंथालकडे प्रत्यक्ष जाऊन उड्डाण शिकून आला. 9 ऑगस्ट 1896 रोजी श्टोल्न गावानजीकच्या टेकडीवरून लिलिएंथाल कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. तो ज्या यंत्रातून पडला ते त्याच विक्रीच्या नमुन्याचे होते. जे त्याने जगाला विकले त्यावर त्याने स्वतःचा जीव तोलला होता, आणि म्हणूनच हा व्यापारी मला पूज्य वाटतो. तीन वर्षांनी, 1899 मध्ये, पिल्चरही स्वतः रचलेल्या ग्लायडरमधून पडून वारला.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या 1919 च्या तहनाम्याने जर्मनीला लष्करी विमानदल मना झाले, आणि विमाने व त्यांची इंजिने यांच्या उत्पादनावर व आयातीवरही बंदी आली. इंजिनाचा दरवाजा बंद झाला तेव्हा 1920 च्या उन्हाळ्यात ऑस्कार उर्सिनुस या संपादकाच्या हाकेसरशी तरुण मंडळी 950 मीटर उंचीच्या वासरकुपे डोंगरावर आपापली घरी घडविलेली ग्लायडरे घेऊन जमली. त्या डोंगराच्या पायथ्याशी, पोपेनहाउझेन गावी, आलेक्झांडर श्लाइखर याने 1927 मध्ये थाटलेला कारखाना अद्याप चालू असून त्याची ग्लायडरे जगभर जातात. जेत्यांनी लादलेल्या मनाईतून एक निर्यातयोग्य विद्या जन्माला यावी, असा प्रकार औद्योगिक इतिहासात विरळाच आढळेल.

कागदाच्या प्रवासाचे सर्वांत बोलके उदाहरण ‘माइझे’ या ग्लायडरचे. 1940 च्या ऑलिंपिकमध्ये ग्लायडिंगचा अंतर्भाव करावयाचा आणि सर्व स्पर्धकांनी एकाच नमुन्याचे यान उडवावयाचे असे ठरल्यावरून, 1939 मध्ये इटलीतील सेझे येथे परीक्षा होऊन हान्स याकोब्स यांच्या रचनेस मान मिळाला, आणि तिचे आराखडे देशोदेशी धाडण्यात आले. युद्ध पेटले, स्पर्धा झालीच नाही. पण कागद उरले. युद्धानंतर, जर्मनीत ग्लायडर उडविणेसुद्धा निषिद्ध असता, तीच रचना इंग्लंडातील न्यूबरी येथे एलियट्स या फर्निचरच्या कारखान्यात ‘ऑलिंपिया’ नावाने घडू लागली आणि तिचे सुमारे दीडशे नग निघाले. लाकूड कापणे, तासणे आणि सरसाने सांधणे यांत मुरलेल्या हातांना खुर्चीवरून पंखाकडे वळणे फारसे जड गेले नसावे. सायलेशियातील ग्रुनाऊ गावचा एडमुंड श्नायडर, ज्याचे 1931 चे ‘ग्रुनाऊ बेबी’ अनेक देशांत हजारोंच्या संख्येने बांधले गेले, त्याचे गावच 1945 मध्ये पोलंडकडे गेले; 1951 मध्ये तो ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेडला जाऊन पुन्हा ग्लायडरे बांधू लागला. त्याच्यासोबत गेलेल्या कौशल्यावर कोण जकात आकारणार होते?

तयार मालाचा घाऊक व्यापार म्हणावा तो झेकोस्लोव्हाकियाच्या ‘ब्लानिक’चा. कारेल द्लोउही यांनी रचलेले हे दोन आसनी, धातूचे ग्लायडर 1956 मध्ये प्रथम उडाले, आणि कुनोव्हित्से येथील कारखान्यातून त्याचे अडीच हजारांहून अधिक नग बाहेर पडून दूरदूरच्या देशांत शिकाऊ वैमानिकांच्या हाती गेले. 12 जून 2010 रोजी ऑस्ट्रियात अशाच एका जुन्या ब्लानिकचा पंख धातूच्या थकव्यामुळे उड्डाणातच मोडून दोघे दगावले, आणि युरोपीय विमानसुरक्षा संस्थेच्या हुकमानंतर कितीएक क्लबांची ब्लानिके शेडमध्येच अडकून पडली. विकलेल्या वस्तूची जबाबदारी अर्धशतकानंतरही अंगावर येते, ती अशी.

आपल्याकडे परकीय चलनाच्या टंचाईच्या काळात नागरी विमानोड्डाण खात्याच्या तांत्रिक केंद्राने परदेशी मालाची वाट न पाहता स्वतःच ग्लायडरे रचावयास घेतली, आणि त्यांना नक्षत्रांवरून नावे दिली: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर्ष, आर्द्रा. पुण्याजवळ हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रातही उडालेली रोहिणी 1961 मध्ये प्रथम आकाशात गेली. ती लाकडाची होती. तिच्यात शिक्षक आणि विद्यार्थी एकामागे एक न बसता शेजारीशेजारी बसत, त्यामुळे ग्लायडरला वर ओढणाऱ्या विंचचा दोर सुटून चहूकडे शांतता झाली, की शिक्षकाचा हात दांड्यावर किती हलका आहे, हे विद्यार्थ्याला मान न वळविता दिसत असे.